पार्श्वभूमी : मराठवाड्यातल्या खेड्यांत नाताळ आला कुठून?

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मराठवाड्यातल्या दैनिकांच्या जिल्हा पानावर एक बातमी ठरलेली असते. अमुक गावात नाताळ उत्साहात, चर्चवर रोषणाई, शांतीचा संदेश, सरपंचांची उपस्थिती, केक कापतानाचा फोटो. अधूनमधून तिच्याच शेजारी दुसरी बातमीही दिसते : चर्चच्या चाव्यांवरून दोन गटांत तणाव, उपासना कोणी घ्यायची याचा निर्णय तहसील कचेरीत. पहिली बातमी वाचून वाटतं, हा सण साहेबाच्या पेटाऱ्यातून जसाच्या तसा उतरला. दुसरी वाचून वाटतं, ही नेहमीची गावकी-भावकी. दोन्ही समज अपुरे आहेत. नाताळ इथे ज्यांनी आणला असं आपण धरून चालतो, त्यांच्यातले बरेच जण आपल्या घरी नाताळ करतच नव्हते. आणि आजच्या भांडणाचं मूळ भावकीत कमी, वेगवेगळी प्रोटेस्टंट चर्चं एक करण्याच्या 1970 सालच्या निर्णयात जास्त आहे.

जालन्यापासून सुरुवात करू. 1860च्या दशकात इथे पाय रोवले ते स्कॉटलंडच्या प्रेसबिटेरियन (बिशप न मानणाऱ्या प्रोटेस्टंट) मिशनने. त्या कामाचे म्होरके मात्र गोरे नव्हते. नारायण शेषाद्री हे मुंबईत 1843 साली ख्रिस्ती झालेले ब्राह्मण. त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतीला, मिशनमधून परत आणून पुन्हा जातीत घ्यायचं की नाही यावरून मुंबईत शुद्धीचा वाद पेटला होता, त्यात शिरत नाही. नारायणरावांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. त्यासाठी जमीन मिळाली ती निजाम सरकारकडून, पहिल्या सालारजंगांच्या दिवाणगिरीत. विहीर, शाळा, चर्च, कारागिरांची घरं असं पायावर उभं राहणारं गाव त्यांच्या डोक्यात होतं. तिथे आलेले बहुतेक लोक तेव्हाच्या नोंदींत ज्यांना मांग आणि महार म्हटलं जाई त्या समाजांतले होते. नारायणराव 1891 साली वारले.

आता त्या मिशनच्या मूळ देशाकडे पाहा. स्कॉटलंडच्या पार्लमेंटने 1640 साली नाताळची सुटी कायद्याने बंद केली. पुढे कायदा गेला, पण तिथल्या चर्चचा हट्ट गेला नाही. बायबलात ज्या दिवसाची तारीख नाही तो दिवस सण म्हणून पाळायचा नाही, हा त्यांचा बाणा. 25 डिसेंबरला स्कॉटलंडमध्ये सार्वजनिक सुटी मिळू लागली ती 1958 साली. तोवर निजामाचं राज्य जाऊन दहा वर्षं झाली होती, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला होता, आणि जालन्याकडच्या खेड्यांत नाताळ ही आजोबांच्या काळापासूनची रीत झालेली होती.

गोदावरीच्या पलीकडचा प्रकारही वेगळा नाही. अहमदनगरात 1831 पासून असलेलं अमेरिकन मिशन न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतलं. त्यांच्या पूर्वजांनी मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 ते 1681 या काळात नाताळ करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता. एकोणिसाव्या शतकात ती कडकाई सैल झाली हे खरं. तरी नाताळ हा सणांचा राजा, ही भावना या मंडळींनी जहाजातून आणली असणं कठीण आहे.

मग तो आला कुठून? एक वाट छावणीची. निजाम आणि इंग्रजांच्या 1853च्या तहानंतर हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या पलटणी औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई आणि हिंगोली इथे होत्या. त्यांचे अधिकारी अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे. त्यांचा ‘बडा दिन’ थाटाचा असे. बावर्ची, खानसामे, मोतद्दार आणि भाजीवाले त्या दिवशी साहेबाच्या बंगल्यावर फळांची आणि मिठाईची डाली घेऊन जात आणि बक्षीस घेऊन येत. औरंगाबादला इंग्लंडच्या अँग्लिकन मिशनचं काम 1860च्या सुमारास सुरू झालं. तिथेही ते दीर्घकाळ चालवलं पारशी घरातून ख्रिस्ती झालेल्या एका धर्मगुरूंनी. या लोकांच्या प्रार्थनापुस्तकात नाताळ रीतसर होता, त्याच्या आधीचे चार आगमनाचे रविवार होते. थोडक्यात, छावणीच्या चर्चमध्ये 25 डिसेंबर ठरलेला, आणि तिथून काही कोसांवरच्या प्रेसबिटेरियन खेड्यात तो धर्माच्या दृष्टीने साधा दिवस.

पण साधा दिवस राहणं शक्यच नव्हतं. कारण दुसऱ्या बाजूने एक मोठी पोकळी तयार झाली होती. बाप्तिस्मा घेतलेल्या कुटुंबाने जत्रा सोडायची, पोळ्याला आणि दसऱ्याला देवापुढे वाजवायचं सोडायचं, पोतराज-आराध्यांपासून दूर राहायचं, लक्ष्मीआईला बळी द्यायचा नाही. कागदावर हे सोपं दिसतं. गावात त्याचा अर्थ बलुतं तुटणं असा होता. मांगाने हलगी खाली ठेवली की मारुतीच्या पारावरून त्याला मिळणारा सुगीचा वाटाही थांबायचा. पाणी, वाट, सरपण यावरून खटके उडायचे. सण गेला, त्याबरोबर पोरांचे नवे कपडे गेले, लेकी माहेरी येण्याचं निमित्त गेलं, पाहुण्यांना जेवू घालण्याचा मान गेला. ही जागा कोणत्या तरी दिवसाने भरणं भागच होतं.

तो दिवस 25 डिसेंबर का ठरला, याचं उत्तर शेतात आहे. डिसेंबर अखेरीस खरिपाची बाजरी-ज्वारी खळ्यावरून घरात आलेली असते, कापसाच्या वेचण्या चालू असतात, म्हणजे हातात मजुरीचा पैसा असतो. रब्बीची शाळू पोटरीत असते, तिला राखण सोडून फार हात लागत नाही. विहिरींना पाणी असतं. इतर कोणत्याही ख्रिस्ती सणाला मराठवाड्यात इतकी अनुकूल वेळ मिळत नाही. ईस्टर येतो तो उन्हाच्या तोंडावर, कणग्या रिकाम्या व्हायला लागल्यावर. लातूर-धाराशिवकडची वेळ अमावस्याही (शेतात पिकाची पूजा करून तिथेच जेवायचा सण) याच सुमारास येते आणि तिच्यामागचं कारणही तेच. 2022 साली ती 23 डिसेंबरला होती, 2019 साली 26 डिसेंबरला. त्या भागात ख्रिस्ती घरं शेजाऱ्यांच्या कोपीवर आंबील आणि भज्जी खायला जातात आणि पाठोपाठ शेजारी करंज्या खायला यांच्याकडे येतात. धर्मगुरूंच्या बैठकीत याला ‘सांस्कृतिक समन्वय’ वगैरे म्हटलं जातं. गावात त्याला नाव नाही.

मिशनच्या शाळांनी यात आणखी एक धागा जोडला. वर्षअखेरीच्या त्याच दिवसांत बक्षीस समारंभ, पाठांतराची परीक्षा, पोरांची नाटिका. नाटिकेचा साचा आजही फारसा हललेला नाही. गव्हाणी म्हणून खरी गव्हाण, तिच्यात कडब्याच्या पेंढ्या. मेंढपाळ झालेल्या पोरांच्या अंगावर धनगरवाड्यावरून मागून आणलेली घोंगडी, हातात खरी काठी. घोंगडीला मेंढरांचा वास असतो आणि पहिल्या रांगेतल्या आज्या तोंडाला पदर लावून हसतात. पूर्वेकडचे ज्ञानी लोक जरीचा फेटा बांधून येतात. हेरोद राजा बहुतेक ठिकाणी गावातला सर्वांत तगडा दहावी नापास मुलगा असतो, आणि सगळ्यांत जास्त टाळ्या त्यालाच पडतात.

गाण्याचा भाग नगरहून आला. तिथल्या मिशनमध्ये 1860च्या दशकापासून ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग चालू होता. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवी आणि पदांच्या चालींवर गीतं लिहून मराठी उपासनेचा सूरच पालटला. 1900च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणीमार्गे हैदराबादेकडे जाणारी मीटरगेज रेल्वे सुरू झाली. नगर-नाशिकचे उपदेशक, शिक्षक, परिचारिका आणि नवऱ्या मुली याच गाडीने निजामाच्या मुलखात उतरत राहिल्या. पेटी, टाळ, ढोलकी घेऊन रात्रभर भजन म्हणत घरोघर फिरणं, त्याला आता सर्रास ‘कॅरल’ म्हणतात, ते रूपाने वारकरी दिंडीच्या जास्त जवळचं आहे.

निजामी राज्यात या सणाला सरकारी वजन नव्हतं. आठवड्याची सुटी शुक्रवारी, कचेऱ्यांचा व्यवहार उर्दूत, तारखा फसली सनाच्या. मिशनच्या शाळेला रविवार पाळायचा म्हणजे शेजारच्या सरकारी मदरशापेक्षा वेगळं वेळापत्रक चालवायचं. सप्टेंबर 1948 नंतर रविवार आपोआप आला. त्या आधीच्या दीड वर्षात सीमेवरच्या गावांनी काय सोसलं, याचा भाग इथे सोडतो. त्यात ख्रिस्ती वस्त्यांची कहाणी इतरांहून फार निराळी नाही.

कॅथलिकांचा प्रवाह वेगळा. 1890च्या दशकात फ्रेंच धर्मगुरू गंगापूर-वैजापूरच्या पट्ट्यात आले आणि घोगरगाव हे त्यांचं मुख्य ठाणं झालं. त्यांच्यातल्या एकाला लोक अजून ‘बाबा’च म्हणतात. नाताळ न पाळण्याचा प्रश्न या बाजूला कधी नव्हताच. मध्यरात्रीची मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना), गव्हाणी, चांदणी पहिल्यापासून होती. फक्त मिस्सा लॅटिनमध्ये. ती मराठीत झाली 1960च्या दशकात, व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर. औरंगाबादचं स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत अमरावतीतून वेगळं निघालं 17 डिसेंबर 1977 रोजी, म्हणजे नाताळ आठवड्यावर असताना.

प्रोटेस्टंट खेड्यांच्या बाबतीतही मोठी उलथापालथ नाताळच्या तोंडावरच झाली. जरा सविस्तर सांगायला हवं, कारण नाताळातल्या चाव्यांच्या बातम्या इथूनच निघतात.

स्वातंत्र्याआधी मिशनांनी जिल्हे वाटून घेतले होते. एकाच्या हद्दीत दुसऱ्याने जायचं नाही, असा समजुतीचा करार. त्यामुळे माणूस प्रेसबिटेरियन झाला की अँग्लिकन, हे त्याच्या श्रद्धेवर ठरत नसे, तो राहायला कुठल्या तालुक्यात यावर ठरत असे. जालन्याकडचा तो स्कॉटिश, औरंगाबाद छावणीकडचा तो इंग्लिश, नदीपलीकडचा तो अमेरिकन, बिदरकडच्या पट्ट्यातला तो मेथॉडिस्ट. सोयरीक मात्र सगळीकडे. सासर-माहेरची चर्चं वेगळी, गीतं तीच, पाळकांचे कपडे वेगळे. सामान्य माणसाला या फरकाचं कौतुक कधीच नव्हतं, आणि ‘हे सगळं एक का करत नाही’ हा प्रश्न खेड्यातूनच सर्वांत आधी विचारला गेला, असं माझं मत आहे. विद्वान मंडळींना तो प्रश्न 1929 साली लखनौला बोलणी सुरू झाल्यावर पडला.

बोलणी चार दशकं चालली. अडलं होतं दोन जागी. पहिली अडचण बिशप. स्कॉटिश आणि अमेरिकन परंपरेत बिशप नाही. पाळक सारखे, निर्णय मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, निवडलेल्या वडीलधाऱ्यांच्या सभेत. अँग्लिकनांचं बिशपाविना पान हलत नाही. दुसरी अडचण बाप्तिस्म्याची, लहान मुलाला द्यायचा की जाणत्याला. त्यावर दोन्ही पद्धती चालतील असा तोडगा निघाला. बिशपाच्या बाबतीत अँग्लिकनांचं म्हणणं राहिलं. वडीलधाऱ्यांची सभा राहिली, पण तिच्या वर गादी आली.

29 नोव्हेंबर 1970, आगमनाचा पहिला रविवार. नागपुरात सहा चर्चं विसर्जित होऊन एक संयुक्त चर्च जन्माला आलं. त्याचं नाव चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, फलकावर रोज दिसतं. सातवा भिडू अमेरिकन मेथॉडिस्ट. ते सगळ्या बोलण्यांत होते आणि अगदी शेवटी, त्याच वर्षी बाहेर पडले. म्हणून बिदरच्या बाजूची खेडी वेगळीच राहिली. तिथून जालन्याकडे लग्न होऊन आलेल्या सुनेला आजही ‘सर्टिफिकेट’ आणावं लागतं.

नव्या संयुक्त चर्चचा पहिला नाताळ एका महिन्याच्या आत आला. चर्चच्या घटनेने प्रत्येक मंडळीला आपली जुनी उपासनापद्धत ठेवायची मुभा दिली होती. त्यामुळे जालन्याच्या खेड्यांनी 25 तारखेची सकाळची उपासना ठेवली, औरंगाबादच्या बाजूने 24च्या मध्यरात्रीचं प्रभुभोजन ठेवलं, आणि वरवर काहीच बदललं नाही. बदल फाइलींत झाला होता. पाळकाची बदली आता दूरच्या कार्यालयातून होणार होती. अर्पणाचा वाटा वर जाणार होता. आणि चर्चची इमारत, शाळा, बंगला, कंपाऊंड, स्मशानभूमी कोणाच्या नावावर, हा प्रश्न ‘आता आपण सगळे एकच’ या वाक्याने झाकला गेला होता.

जमिनी वेगवेगळ्या विश्वस्त संस्थांच्या नावावर होत्या, आणि त्या संस्था ठराव करून विसर्जित झाल्या असं मानलं गेलं. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद मागणारे अर्ज, काही ठिकाणी दाखल झाले, काही ठिकाणी पडून राहिले. 1970 साली याची कोणाला फिकीर नव्हती, कारण ते कंपाऊंड गावाबाहेर होतं. चाळीस वर्षांत गाव कंपाऊंडच्या पलीकडे वाढलं. जिथे कुंपणाला बाभळी होत्या तिथे मंगल कार्यालयं आणि व्यापारी गाळे आले. मग जुन्या संस्थांची नावं अचानक जिवंत झाली. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका ब्रदरेन (एकीकरणात आलेल्या सहांपैकी एका चर्चच्या) मंडळीच्या खटल्यात म्हटलं की, एकीकरणाचा ठराव झाला म्हणून विश्वस्त संस्था विसर्जित होत नाही आणि तिची मालमत्ता आपोआप नव्या चर्चकडे जात नाही, त्यासाठी कायद्याने सांगितलेला रस्ता धरावा लागतो. निकाल गुजरातचा, पण त्याच्या झेरॉक्स मराठवाड्यातल्या वकिलांच्या टेबलावर यायला वेळ लागला नाही.

एकीकरणाच्या बाजूचे लोक म्हणतात, त्याविना ही खेडी परदेशी पैसा थांबल्यावर एकेकटी संपली असती. पाळकाचा पगार, दवाखाना, वसतिगृह कोण चालवणार होतं? मुद्दा खोटा नाही. विरोधक म्हणतात, वाडवडिलांच्या घामाने बांधलेलं चर्च विचारल्याविना दुसऱ्याच्या नावावर गेलं. हाही खोटा नाही, आणि मला तो जास्त वजनदार वाटतो. कारण विहिरीचे दगड वाहिले ते लोकांनी, ठरावावर सह्या केल्या त्या प्रतिनिधींनी. प्रतिनिधी नागपूरहून परतल्यावर किती खेड्यांत मंडळीची सभा बोलावून ठराव वाचून दाखवला गेला, हा प्रश्न एकीकरणवाले टाळतात.

नाताळातच हे वाद उफाळतात याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. वर्षातलं सर्वांत मोठं अर्पण त्या दिवशी जमतं. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेले, एरवी मतदानालाही न येणारे लोक गावी आलेले असतात, म्हणजे सभेला गणसंख्या होते. आणि त्या दिवशी व्यासपीठावरून उपासना जो घेतो तो पाळक, हे गावाने आणि फोटोने मान्य केल्यासारखं होतं. म्हणून आठला एका गटाची उपासना, साडेदहाला दुसऱ्याची, मधल्या वेळेत सतरंज्या त्याच, हार्मोनियम तेच, आणि स्वयंपाकाच्या कढया मात्र दोन. प्रीतिभोजनाला गावातली हिंदू-बौद्ध-मुसलमान मंडळी दोन्हीकडे हजेरी लावतात. त्यांना कोणाशी वाकडं घ्यायचं नसतं.

यात एक गोष्ट विसरली जाते. एकीकरणानंतर लगेच बहात्तरचा दुष्काळ पडला, आणि नव्या चर्चची परीक्षा कोर्टात होण्याआधी पाण्यावर झाली. जालन्याच्या मिशनकडे विंधन विहिरी घेणारी यंत्रं आणि त्यांवर बसवायचा हातपंप आधीपासून होता. ‘जालना पंप’ या नावाने तो ओळखला जाई. त्यावर सोलापुरात सुधारणा झाल्या आणि त्याच वाटेने पुढे देशभर गेलेला इंडिया मार्क टू तयार झाला. आज शाळेच्या आवारात जो हापसा दिसतो त्याच्या वंशावळीत जालन्याचं मिशन कंपाऊंड आहे. नाताळच्या बातमीत याची ओळ कधी येत नाही.

आकड्यांचा घोळ मात्र बातम्यांत दरवर्षी असतो. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे 10.8 लाख, म्हणजे एक टक्क्याच्या आतच, आणि त्यांतले बहुसंख्य मुंबई-ठाणे-पुण्याकडचे. मराठवाड्यात चर्चमधली गर्दी आणि कागदावरची संख्या जुळत नाही याचं कारण 1950चा राष्ट्रपतींचा आदेश. अनुसूचित जातीचा दर्जा त्याने हिंदूंपुरता ठेवला, 1956 साली त्यात शीख आले, 1990 साली बौद्ध. ख्रिस्ती नाहीत. 2007च्या आयोगाने धर्माची अट काढा म्हटलं, 2022 साली त्याच प्रश्नावर नवा आयोग बसवला गेला. तोवर दाखल्यावर एक धर्म आणि दारावरच्या चांदणीत दुसरा, अशी घरं आहेत. बातमीत कोणाचं नाव छापायचं नाही, हा संकेत स्थानिक वार्ताहर यामुळेच पाळतात.

गेल्या तीसेक वर्षांत नाताळच्या रूपात दोन बदल झाले. पहिला हलगीचा. जी हलगी सोडल्यावर पणजोबांचं बलुतं तुटलं, ती काही मंडळ्यांत मिरवणुकीत परत आली आहे. जुने पाळक नाक मुरडतात, हे वाद्य बळीच्या देवाचं म्हणून. तरुण म्हणतात, आमच्या हाताला दुसरं कोणतं वाद्य इतकं येतं? डीजेपेक्षा ती केव्हाही परवडली, असं मध्यममार्गी ज्येष्ठांचं म्हणणं. यावर कुठल्याही कार्यालयाचं परिपत्रक नाही आणि येऊही नये.

दुसरा बदल वेळेचा. 2000च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहानंतर भोंगा बंद. वर्षातले पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. जिल्हाधिकाऱ्यांच्या यादीत नाताळ बहुधा असतो, पण अनेकदा तारीख 25 डिसेंबरची असते. मध्यरात्रीची उपासना तर 24च्या रात्री! म्हणजे सवलत मिळते ती सगळे जेवून झोपलेले असतात त्या रात्री. काही गावांनी उपासना रात्री आठवर आणून हा तिढा सोडवला. काहींनी भोंगाच काढून टाकला, आणि ढोलकी-टाळांवर भागवलं.

यापेक्षा मोठा तिढा ऊसतोडीचा आहे. बीड, जालना आणि आजूबाजूच्या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत मुकादम सुटी देत नाही. ख्रिस्ती वस्त्यांतली कित्येक घरं यातच आहेत. सुगीचा म्हणून जो दिवस सणासाठी सोयीचा ठरला होता, त्याच दिवशी आता गावात म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागे ठेवलेली पोरं असतात. नाटिकेतला मेंढपाळ आजीपुढे उभा राहतो. आईबाप फडात पाचट ओढत असतात आणि रात्री कोपीपुढे वाढ्यांच्या भाऱ्यावर बसून मोबाइलवर गावची उपासना पाहतात. काही पाळक 25ला गावात उपासना घेऊन 26-27ला कारखान्याच्या तळावर जातात. टायरगाड्या एका बाजूला लावून तिथे तासाभराची प्रार्थना होते, तीही साखर आयुक्तालयाच्या नव्हे तर ट्रॅक्टरवाल्याच्या वेळापत्रकाने.

टोळ्या परततात त्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, उसाचा हंगाम जसा संपेल तशा. त्यामुळे अशा गावांत बाप्तिस्मे, साखरपुडे, मंडळीची वार्षिक सभा आणि पंचांची निवडणूक हे सगळं नाताळावरून ईस्टरच्या पुढे सरकू लागलं आहे. चाव्यांचे वादही त्याच्याबरोबर सरकतील का, हे पुढच्या एप्रिलमध्ये कळेल. गणसंख्या तेव्हा भरणार आहे.